आरसा कुणाच्या उंचीचा?

घराची दुरुस्ती काढली की आरशाचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो. फरशी, टाइल्स, नळ, गीझर यांत पैसे संपलेले असतात, गवंडी दुसऱ्या कामावर निघून गेलेला असतो आणि बेसिनवरच्या भिंतीवर एक रिकामी जागा तेवढी उरलेली असते. मग घरातलं कुणीतरी येता-जाता प्लॅस्टिकच्या चौकटीचा एखादा आरसा घेऊन येतं. ड्रिल मशीन हातात धरणारा बहुधा पुरुष असतो. तो आधी भिंतीसमोर ताठ उभा राहतो, आपलं नाक कुठं येतं ते बघतो आणि तिथं पेन्सिलीनं खूण करतो. बाकीच्यांनी त्यानंतर आयुष्यभर टाचा उंच करायच्या.

आमच्या माहेरी तर बाथरूम नावाची गोष्टच नव्हती. मोरी होती, तिला गोणपाटाचा पडदा होता. (आम्ही म्हणजे एकटीच. घरी उर्दूत स्वतःला 'हम' म्हणायची सवय, ती मराठीत लिहायला बसलं तरी सुटत नाही.) आईना होता तो मोरीच्या बाहेर, दाराच्या चौकटीजवळ, अब्बांच्या दाढीच्या उंचीवर. वहीच्या पानाएवढा, मागं कंगवा खोचलेला. सकाळी आधी अब्बा, मग भाईजान. मुलींनी वेणी घालून झाली की पायांच्या बोटांवर उभं राहून भांग सरळ आहे का ते बघायचं आणि बाजूला व्हायचं. जरा वेळ लागला की आतून आवाज यायचा, "कित्ता देखती गे?" त्यात रागवणं फारसं नसायचं. पण मुलीनं आरशापुढं रेंगाळणं ही बरी गोष्ट नाही, एवढं आमच्या अंगात मुरलं ते मुरलंच.

पुढं बी.एड. झालं, उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागलो. नववीला प्रकाशाचं परावर्तन आहे. मराठी पुस्तकात ज्याला सपाट आरसा म्हणतात तो आमच्याकडे 'मुस्तवी आईना'. अंतर्गोल तो 'मुकअर', बहिर्गोल तो 'मुहद्दब'. शब्द अवघड, पण मुलांना ते आवडतात. शिकवताना इब्नुल हैसमचं नाव आम्ही मुद्दाम घेतो. बसऱ्यात जन्मलेला, कैरोत राहिलेला, हजार वर्षांपूर्वी 'किताबुल मनाजिर' लिहिणारा हा माणूस गोल आरशांचं गणित मांडत बसला होता हे ऐकलं की मागच्या बाकावरची मुलंही मान वर करतात. मात्र त्यांना खरी गंमत वाटते ती एका छोट्या प्रयोगाची. आरशापुढं उभं राहायचं, एक डोळा मिटायचा आणि खडूनं आरशावर आपल्या चेहऱ्याची कड आखायची. मग पट्टीनं मोजायची. ती कड खऱ्या चेहऱ्याच्या बरोबर निम्म्या मापाची भरते. जवळ उभे राहा की लांब, फरक पडत नाही. पाच फूट उंचीच्या माणसाला स्वतःला डोक्यापासून पायापर्यंत बघायचं तर अडीच फुटांचा आरसा पुरतो, फक्त तो योग्य उंचीवर लावलेला हवा. दरवर्षी ही ओळ आम्ही फळ्यावर लिहितो. तिचा आमच्याच घरी उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

आमचं सासर सोलापुरात, विजापूर वेशीच्या आतल्या बाजूला. सासूबाईंना आम्ही अम्मीच म्हणतो. उंची चार फूट आठ इंच. तरुणपणी त्यांनी विड्या वळल्या; मांडीवर सूप, हातात कात्री, समोर पानांचा ढीग. त्या पैशातून मुलांच्या फिया भरल्या गेल्या. आरशाशी त्यांचा संबंध फार नव्हता. ओढणी नीट आहे का हे त्यांना हातानंच कळायचं.

२०२२ च्या हिवाळ्यात एका पहाटे फजरच्या वजूला त्या बसल्या आणि चूळ भरताना पाणी तोंडात राहीना. डाव्या कोपऱ्यातून गळून हातावर यायला लागलं. त्यांनी तीनदा चूळ भरायचा प्रयत्न केला, तिन्ही वेळा तेच. मग आम्हाला हाक मारली, तीही नीट उमटली नाही. दिव्याखाली बघितलं तर चेहऱ्याची डावी बाजू खाली ओघळल्यासारखी, डावा डोळा मिटत नव्हता, आणि कपाळाला आठी घाला म्हटलं तर उजव्या बाजूलाच पडत होती.

सकाळ व्हायच्या आत मोहल्ल्यात बातमी गेली. हवा लागली, असर झाला, लकवा मारला. कुणी दम करून घ्या म्हणालं, कुणी जंगली कबुतराचा शोरबा पाजा म्हणालं. दुआ जरूर करावी, त्याला आमची ना नाही. पण कबुतरं शोधण्यात पहिले दोन-तीन दिवस घालवणारी घरं आम्ही पाहिली आहेत आणि नेमके तेच दिवस मोलाचे असतात. डॉक्टरांनी हात-पाय तपासले, कपाळ तपासलं आणि सांगितलं की हा मेंदूचा झटका नाही, चेहऱ्याची नस सुजली आहे. मेंदूच्या झटक्यात बहुधा कपाळाला आठ्या पडतात, यात त्या बाजूचं कपाळही गुळगुळीत होतं. अर्थात हे ठरवणं डॉक्टरांचं काम. घरच्यांनी तोंड वाकडं दिसलं की आधी दवाखाना गाठावा. स्टेरॉइडच्या गोळ्या तीन दिवसांच्या, म्हणजे बहात्तर तासांच्या आत सुरू झाल्या तर गुण चांगला येतो. साखर तपासून त्या सुरू झाल्या. डोळा कोरडा पडू नये म्हणून थेंब, रात्री पापणीवर चिकटपट्टी. आणि फिजिओथेरपीच्या बाईंनी एक कागद दिला. त्यावर व्यायाम होते: भुवया उचला, डोळे हलके मिटा, गाल फुगवा, दात दाखवा, शिट्टी वाजवा. सगळ्यात वर लिहिलं होतं, आरशासमोर, दिवसातून दोनदा.

आता पंचाईत अशी की आमच्या घरात आरसा होता, पण तो बघण्याजोगा नव्हता. मोठा आरसा लोखंडी कपाटाचा. ते कपाट पश्चिमेच्या भिंतीला. नमाजेत समोर आपलंच प्रतिबिंब नको म्हणून त्यावर कायम एक सोलापुरी चादर टाकलेली. ती बाजूला करावी तर त्या खोलीतून स्वयंपाकघरात जायची वाट, दोन मुलं, दीर, शेजारच्या खाला आणि 'कैसा है अब तब्येत' म्हणत येणारी अर्धी बिरादरी. बीमारपुर्सी हा आपला मोठा गुण आहे, पण वाकड्या तोंडानं गाल फुगवणाऱ्या बाईला तो सोसत नाही. धाकट्यानं एकदा दादीची नक्कल केली. मुलांचे अब्बा त्याला मारायला धावले, अम्मींनीच अडवलं. त्या दिवसापासून मात्र त्या तोंडावर ओढणी धरून बसायला लागल्या. जेवण भिंतीकडे तोंड करून.

आम्ही त्यांच्या पेटीतला हातातला आईना काढून दिला. पितळी कडेचा, कुठं कुठं काळे डाग पडलेला. त्यांच्या जलव्याचा. निकाह झाल्यावर दोघांच्या मध्ये कुरआन शरीफ आणि आईना ठेवतात, वर लाल ओढणी धरतात, आणि दुल्हा-दुल्हन आरशात एकमेकांना पहिल्यांदा बघतात. तो हा आईना. अम्मींनी तो हातात घेतला, उलटा केला आणि परत पेटीत ठेवला. "उसमें उनकू देखी थी मैं," एवढंच म्हणाल्या. सासरे जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती.

त्याच सुमारास मोरी पाडून नवीन बाथरूम करायचं काम चालू होतं. जागा थोडी म्हणून न्हाणी, बेसिन आणि संडास एकाच खोलीत घेतलं होतं. ती खोली साडेपाच बाय सात फूट. पण तिला दार होतं आणि दाराला आतून कडी. विचार केला तर सबंध घरात एकट्या बाईला कडी लावून घेता येईल आणि कुणी 'कायकू लगाई' विचारणार नाही अशी तेवढी एकच जागा. आरसा तिथंच हवा होता, आणि आता तो शेवटी घेऊन चालणार नव्हतं.

काचेच्या दुकानांत गेलो. मुलांचे अब्बा बरोबर. त्यांच्या मनात एका मित्राच्या फ्लॅटमधला गोल आरसा भरलेला. कडेनं दिवे, बोट लावलं की उजेड, आणि वाफ धरू नये म्हणून मागं गरम होणारी पट्टी. सोलापूरच्या हवेत आरशाला वाफ धरते ती थंडीचे दोन महिने, आणि ती टॉवेलनं पुसली जाते. टॉवेलांचं गाव आहे हे. दुकानदारानं आरशाचं कपाटही दाखवलं, नक्षी कोरलेले आरसे दाखवले. प्रत्येक दुकानात एकच प्रश्न, "किती बाय किती?" कुणासाठी, असं एकानंही विचारलं नाही.

आम्ही कागदावर हिशेब करून गेलो होतो. अम्मी फार वेळ उभ्या राहू शकत नव्हत्या, प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून व्यायाम करणार होत्या. बसल्यावर त्यांचे डोळे जमिनीपासून साडेत्रेचाळीस इंचांवर येत होते. मुलीचे उभ्यानं साधारण तेवढ्यावरच. मुलांच्या अब्बांचे त्रेसष्टवर. चेहरा बघायला चेहऱ्याच्या निम्मा आरसा लागतो. म्हणजे डोळ्यांच्या रेषेच्या वर अडीच-तीन इंच आणि खाली तेवढाच. तेव्हा आरसा चाळीस इंचांच्या थोडा खालून सुरू होऊन सहासष्टच्या थोडा वर संपला की घरातल्या कुणालाही वाकावं लागत नाही आणि टाचाही उचलाव्या लागत नाहीत. आडवा नको, गोल तर नकोच. अठरा इंच रुंद, तीस इंच उंच, उभा, आणि खालची कड जमिनीपासून अडतीसवर. बेसिनचा नळ त्याच्या दोन इंच खाली राहत होता. दुकानदार म्हणाला, "मॅडम, बाथरूममध्ये एवढा खाली कुणी लावत नाही, पाणी उडतं." पाणी उडतं हे खरंच होतं.

त्यानं एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे समजावली, ती इथं सांगण्यासारखी आहे. आरसा खराब होतो तो पुढून नाही, मागून आणि कडेनं. काचेच्या पाठीवर चांदीचा पातळ थर असतो, त्यावर बहुधा तांब्याचा, त्यावर रंग. काचेवर चांदी चढवायची रासायनिक रीत जर्मन शास्त्रज्ञ लीबिगनं १८३५ मध्ये काढली. त्याआधी कथील आणि पारा वापरायचे. काच कापली की कडेला तो थर उघडा पडतो, तिथून ओल शिरते आणि काठ काळा पडत आत सरकतो. म्हणून आरसा भिंतीला टेकवून बसवू नये, मागं थोडी हवा खेळती ठेवावी, कडा घासून बंद कराव्यात. सिलिकॉननं चिकटवायचा असेल तर व्हिनेगरसारखा वास मारणारं सिलिकॉन टाळावं. त्यातलं आम्ल पाठीचा थर खातं. दुसरं, 'न्यूट्रल' नावाचं मिळतं. आणि काच चार नाही, पाच मिलीमीटरची घ्यावी. पातळ काच भिंतीवर जराशी वाकली तरी चेहरा वेडावाकडा दिसतो. आमच्या घरी हे परवडणारं नव्हतं.

दिवा वर छताला होता. वरून उजेड पडला की डोळ्यांखाली, नाकाखाली सावल्या पडतात आणि चांगला चेहराही आजारी दिसतो. आरशाच्या दोन्ही बाजूंना एकेक साधा पांढरा दिवा लावून घेतला, दोन्ही गाल सारखे उजळावेत म्हणून. त्या पैशात गोल आरसा आला असता असं मुलांचे अब्बा अजूनही म्हणतात.

अम्मींनी आरसा बघितला आणि म्हणाल्या, "मेरेकू नक्को. बुढी का मुँह क्या देखना." पहिले चार दिवस त्या आत गेल्या तरी भिंतीकडे पाठ करून वजू करत. पाचव्या दिवशी आम्ही शाळेतला व्हाईटबोर्डचा निळा पेन आणला आणि आरशाच्या बरोबर मध्यावर वरून खाली एक रेघ ओढली. म्हटलं, अम्मी, तोंड बघू नका, नाक फक्त या रेघेवर धरा आणि दोन्ही बाजू सारख्या होतात का ते मोजा. विड्यांचे जुडगे मोजलेल्या बाईला मोजायचं काम दिलं की जमतं. कडी आतून लागली.

पुढं बाहेर उभं राहून जे ऐकू यायचं त्याचं काय सांगावं. पहिल्यांदा नुसता वारा. फू, फू. साठी ओलांडलेल्या त्या बाईनं आयुष्यात कधी शिट्टी वाजवली नव्हती. शिट्टी मुलगेसुद्धा घरात वाजवली तर टपली खायचे. आता डॉक्टरांच्या कागदावर लिहिलेलं होतं. दुसरा प्रश्न अक्षरांचा. प, फ, ब, म ही अक्षरं ओठ मिटल्याशिवाय येत नाहीत, आणि त्यांच्या ओठांचा डावा कोपरा मिटत नव्हता. 'बिस्मिल्लाह'चं पहिलंच अक्षर बे. तिलावत करताना ते हवेत निसटतं याचं त्यांना जे दुःख होतं ते वाकड्या तोंडाचं नव्हतं. आपलं पढणं कबूल होतं की नाही म्हणून त्या रात्री रडायच्या. आम्ही म्हटलं, बे, पे, फे, मीमचा सराव आरशापुढं करा. पण खोलीत संडास. तिथं अल्लाहचं नाव कसं घ्यायचं? तीच अडचण आरशाच्या दुआची. आईना बघताना एक दुआ पढतात, या अल्लाह, जशी तू माझी सूरत चांगली केलीस तशी सीरतही कर, अशा अर्थाची. ती त्या दाराबाहेर पढून मग आत जात. आणि आत गेल्यावर भाज्या. पपई, पालक, बटाटा, भोपळा, मेथी, मुळा, फ्लॉवर. हळूहळू, एकेक अक्षर ओठ मिटून. मंडईतल्या बाईसारखा पुकारा चालायचा. मध्येच शिट्टीचा प्रयत्न, पुन्हा पालक.

मोबाईलनं एकदा घोळ केला. नणंदेनं पुण्याहून फोटो मागितला, तो काढला, अम्मींनी बघितला आणि दोन दिवस व्यायाम बंद. आरशात जरा सुधारलेलं दिसतं आणि फोटोत जास्तच वाकडं, मग खोटं कोण बोलतं? नववीचा धडा त्यांना सांगावा लागला. आरशात आपली डावी बाजू डावीकडेच दिसते, तोच चेहरा आपल्या ओळखीचा. फोटोत लोकांना दिसते तशी ती उलट बाजूला येते, म्हणून अनोळखी वाटते. दोन्ही खरे. त्यांना ते पूर्ण पटलं की नाही माहीत नाही, "मंग लोगाँ कू वैसाच दिखती मैं?" असं विचारून त्या गप्प बसल्या. संध्याकाळी मात्र कडी लागली.

सहाव्या आठवड्यात चूळ राहिली. पहाटेची वेळ होती, आम्ही डबे भरत होतो. आतून पाण्याचा गुळण्याचा आवाज आला, मग थांबला, मग बेसिनमध्ये एकदम पडल्याचा. त्या बाहेर आल्या आणि काही न बोलता मुसल्ल्याकडे गेल्या. शिट्टी त्याच्याही नंतर वाजली, ती इतकी खणखणीत की दीर गच्चीतून खाली डोकावले. पुढं ती कला नातीनं उचलली आणि तिला 'लडकियाँ शिट्टी नै बजाते' असं सांगायचं तोंड घरात कुणालाच उरलं नाही.

चेहरा जवळजवळ सरळ झाला आहे. हसताना डावा डोळा थोडा बारीक होतो, तो तसाच राहणार असं बाई म्हणाल्या. निळी रेघ आम्ही पुसून टाकली. अम्मी अजूनही असरनंतर स्टूल घेऊन आत जातात. व्यायाम नसतो, कागद कधीच हरवला. कधी केसांना मेंदी लावलेली असते, कधी काहीच नसतं, नुसतं बसलेलं असतं. किती वेळ, ते आम्ही विचारत नाही.

दुकानदाराचं म्हणणं खरं ठरलं, पाणी उडतंच. आमच्याकडे नळाला पाणी येतं ते कित्येक दिवसांआड, बाकी बोअरवर भागतं, आणि बोअरच्या पाण्याचा खार काचेवर पांढऱ्या ठिपक्यांनी बसतो. अर्धं व्हिनेगर, अर्धं पाणी आणि मऊ फडकं, एवढ्यानं निघतो. फक्त काठाला लागू द्यायचं नाही. खालचा निम्मा आरसा अम्मी रोज पुसतात. वरच्या निम्म्यापर्यंत त्यांचा हात पोहोचत नाही, तो भाग मुलांच्या अब्बांनी पुसायचा असं ठरलं आहे. दाढी करताना त्यांच्या चेहऱ्यावर ठिपके दिसतात.